तिकीट कोलकात्याचं, चढायचं दिल्लीला

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, विहारातले भंतेजी शेवंताबाईंच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून गेले, आणि त्यानंतर रामटेक्यांच्या घरात जी पंगत बसली ती काही केल्या उठेना. निरोप होता शेवंताबाईंचा. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने त्या मुलाबरोबर, लोकेशबरोबर, दिल्लीला निघणार, मंगळवारी दुपारी दिल्लीहून विमानात बसणार आणि बुधवारी सकाळी मेलबर्नला लेकीच्या दारात उतरणार. पण बाईंची विचारपूस करायला सवड कोणाला होती? आलेला प्रत्येक पाहुणा चप्पल काढता काढता तिकिटाबद्दल विचारायचा, आणि त्यांचे यजमान दयारामजी हातातला घास ताटात ठेवून पहिल्यापासून सांगायला लागायचे.

"दिल्ली ते मेलबर्न, सीधं तिकीट. किती? अठ्ठावन्न हजार. आता पाहा, तेच विमान, तीच खुर्ची. पण तिकीट काढाचं कोलकात्यापासून, व्हाया दिल्ली. किती? एकतीस हजार! आता बोला."

"म्हणजे वहिनीले पह्यले कोलकात्याले जा लागंन?" वस्तीतल्या कोणीतरी विचारलं.

"कायले जा लागंन? बोर्डिंग दिल्ली! छत्तीस वर्षं हेच तं केलो मी."

हे मात्र अगदी खरं होतं. रायपूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागे दयारामजींनी छत्तीस वर्षं काढली होती. सुट्ट्यांत मुंबईकडच्या गाड्यांना रायपूरच्या वाट्याला बर्थ यायचे मूठभर, आणि मागणारे खिडकीपासून पार पायऱ्यांपर्यंत. अशा वेळी एखादा म्हातारा, एखादी लेकुरवाळी बाई समोर आली की दयारामजी काचेजवळ तोंड नेऊन म्हणायचे, "हावड्यापासून काढा, बोर्डिंग पॉइंट रायपूर टाका." तिकीट हावड्यापासूनचं, माणूस चढायचा रायपूरला, आणि तोवर त्याचा बर्थ त्याच्यासाठी रिकामा यायचा. कित्येक लग्नं, कित्येक मयती आणि कित्येक बाळंतपणं त्या एका वाक्यानं वेळेवर गाठली होती.

विमानाचं तिकीट शोधायला त्यांना पासष्ट दिवस लागले. मंगळवार स्वस्त की गुरुवार, व्हाया सिंगापूर की व्हाया बँकॉक, सगळं त्यांनी जुन्या डायरीत रकाने पाडून लिहिलं. धाकटा भाऊ लहानू रोज म्हणायचा, "भाऊ, एजंटले द्या, एजंटले," आणि दयारामजी रोज त्याला उडवून लावायचे. शेवटी कोलकात्याचं भाडं सापडलं तेव्हा त्यांनी गोल बाजारातून पेढे आणले. तिकिटावर चढायचं ठिकाण बदलायची सोय कुठे दिसली नाही, तर त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की विमानवाल्यांना त्याची पर्वाच नसावी. जिथे जमेल तिथे चढा.

शेवंताबाईंना या सगळ्यात शंका अशी आलीच नव्हती. लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं झाली, नवऱ्यानं काढलेलं तिकीट एकदाही चुकलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. बुधवारी पोहोचायचं. शुक्रवारी दीक्षाचं ऑपरेशन. मधे एक गुरुवार.

दीक्षाच्या गळ्यात गाठ होती. गाठ साधी आहे, काढली की झालं, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. जे कोणालाच माहीत नव्हतं ते दीक्षानं एकट्या आईला सांगितलं होतं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. नस सांभाळायचा डॉक्टर पूर्ण प्रयत्न करणार, पण हात लागला तर आवाज जाईल, निदान पहिल्यासारखा राहणार नाही. "पण माय, बाबाले नको सांगू," दीक्षा म्हणाली होती, "अन् तू आधी ये. नंतर नाही, आधी ये." परदेशी गेल्यापासून नऊ वर्षांत त्या पोरीनं आईकडे काही मागितलं नव्हतं. लोणच्याची बरणीसुद्धा मागितली नव्हती. म्हणून शेवंताबाईंना तो एक गुरुवार हवा होता, लेकीचा आवाज कान भरून ऐकायला.

आणि बाबाला न सांगण्याचं कारण जुनं होतं. सरकारी शिष्यवृत्तीवर दीक्षा शिकायला परदेशी गेली तेव्हा दयारामजींनी अख्ख्या वस्तीला जेवण घातलं होतं. शिकून परत ये, आपल्या पोट्ट्यांना शिकव, एवढंच त्यांचं मागणं. ती शिकली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. "समाजाचं घेतलं अन् समाजाले पाठ दाखवली," असं दयारामजी एकदा फोनवर म्हणाले, आणि त्या दिवसापासून पाच वर्षं बाप-लेक एकमेकांशी बोलले नव्हते. जे काही असेल ते आईच्या मार्फत. "तिले सांग, थंडीत डोक्याले बांधत जा." "बाबाले सांग, बीपीची गोळी नका सोडू." पासष्ट दिवस तिकीट शोधणाऱ्या माणसानं जिच्यासाठी ते शोधलं तिला एक फोन केला नव्हता. अशा हट्टाला काय म्हणावं, हे शेवंताबाईंना त्रेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

दीडच्या सुमारास पाहुणे पांगले. बाहेरच्या खोलीत दयारामजी आणि लहानू तेवढे उरले. शेवंताबाई स्वयंपाकघरात पाटोडीच्या रश्श्याचं पातेलं रिकामं करत होत्या, तेवढ्यात अनुश्री आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

अनुश्री ही लोकेशची बायको, नागपूरची, नवा रायपूरला सरकारी कार्यालयात नोकरीला. तिचा चेहरा पाहूनच शेवंताबाईंनी हातातला डाव खाली ठेवला.

"काय झालं? पोट्टीचा फोन आला का?"

"नाही आई, दीक्षाताई ठीक आहेत. तिकिटाचं आहे." अनुश्रीनं फोन पुढे धरला. "तुम्हाला खिडकीजवळची सीट घ्यावी म्हणून मी चेक-इन करायला बसले. तर दोन विमानांचे दोन पास आले, कोलकाता ते दिल्ली आणि दिल्ली ते मेलबर्न. मला कसंतरीच वाटलं, म्हणून मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. ते म्हणतात, पहिल्या विमानात माणूस बसला नाही तर पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं."

"रद्द म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही दिल्लीला जाऊन उभ्या राहिलात तरी आत घेणार नाहीत."

शेवंताबाईंना समजायला वेळ लागला नाही. रेल्वेवाल्याची बायको होत्या त्या. "म्हणजे बर्थ रिकामा नाही येत?"

"नाही आई. विमानात नाही येत."

शेवंताबाई तिथेच तांदळाच्या डब्यावर बसल्या. तिकीट काढलं तेव्हा हीच सून म्हणाली होती, "बाबा, एकदा विचारून घेऊ या," आणि तेव्हा तिला फटकारणाऱ्या शेवंताबाईच होत्या. "तू होती का रेल्वेत?" असं चारचौघांत विचारलं होतं तिला. आज तिला बोलून दाखवायची संधी होती, पण तिनं ती घेतली नाही. सासूच्या हातात पाण्याचा पेला देऊन ती नुसती शेजारी उभी राहिली. या पोरीला आपण फार तोडून बोललो, असं शेवंताबाईंना वाटलं आणि त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

लोकेश मागच्या दारानं आत आला. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो मॅनेजर होता. ट्रक कुठेही अडकला तरी सोडवायचा, पण बापाचं नाव निघालं की त्याचा आवाज बसायचा. त्यानं सगळं आधीच ऐकलं होतं.

"माय, टेन्शन नको घेऊ. रायपूर-कोलकाता फ्लाइट देख लिया मैंने, लगन का सीजन है, कल-परसों दोनों दिन फुल. ट्रेन में बी लंबी वेटिंग. मी एक काम करतो. दिल्लीहून नवीन तिकीट काढतो."

"केवढ्याचं?" अनुश्रीनं विचारलं.

"ब्याण्णव. लेकिन बाबाले सांगाचंच नाही. मंगळवारी मी मायले दिल्लीत बसवून देतो, त्यांले वाटंन त्यांच्याच तिकिटावर गेली. बात खतम."

अनुश्री म्हणाली, "आणि उद्या बाबा दुसऱ्या कोणाला हीच युक्ती सांगतील तेव्हा?"

"तो जब होगा तब देखेंगे ना यार."

दोघंही शेवंताबाईंकडे बघू लागले. त्या पदरानं तोंड पुसून उठल्या.

"लोकेश, तुह्या बापानं छत्तीस वर्षं लोकांले तोंडावर खरं सांगलं. वेटिंग क्लियर नाही होत तं नाही होत, मग समोर साहेब असो की हमाल. अन् त्याले आपण खोटं तिकीट दाखवाचं? थे मले नाही जमत बाप्पा. मी सांगतो."

लोकेशनं मान खाली घातली, पण सुटका झाल्यासारखा श्वासही सोडला.

बाहेरच्या खोलीत दोन भावांचा नेहमीचा सामना रंगला होता. लहानू भिलाईच्या प्लांटमधून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती आणि थोरल्याला खिजवणं हाच त्याचा आता पूर्णवेळ धंदा होता. "एजंटनं काढलं असतं तं रायपूरहून सीधं बसवलं असतं वहिनीले," तो म्हणत होता. शेवंताबाईंना पाहून दयारामजी म्हणाले, "चहा आणली का?"

"नाही." त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "ऐका जी. कोलकात्याच्या विमानात मी नाही बसली तं दिल्लीचं तिकीट रद्द होते म्हणते. अनुश्रीनं फोन करून विचारलं."

दयारामजी हसले. अज्ञानी प्रवाशाला ते असंच हसायचे. "असं नसते होत. चढाच्या स्टेशनावर माणूस नाही आला तरी टीसी पुढच्या स्टेशनपर्यंत वाट पाह्यते. नियम आहे."

"बाबा," अनुश्री हळू आवाजात म्हणाली, "विमानात टीसी नसतो. मी नियम वाचून दाखवू?"

"वाच."

तिनं वाचला. मग मराठीत सांगितला. दयारामजींनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकानं पुसला, परत घातला आणि फोन हातात घेऊन स्वतः वाचला. एकदा, दोनदा. छत्तीस वर्षं ज्या माणसाला सगळं स्टेशन विचारून तिकीट काढायचं, तो आपल्याच बायकोच्या तिकिटाकडे बघत बसला होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आता लहानू तुटून पडणार, या भीतीनं शेवंताबाईंनी डोळे मिटले. लहानूनं घसा साफ केला.

"भाऊ, एक सांगू? माहा जो एजंट आहे ना, ज्याची मी तारीफ करत होतो, त्यानं मागच्या साली माह्या पोट्ट्याच्या, सचिनच्या, दुबईच्या तिकिटाचे पैसे घेतले अन् दुकान बंद करून पळाला. मी घरात बी सांगलो नाही. तुम्ही तं निदान खरं तिकीट काढलं."

लोकेशच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दाबलं. दयारामजींनी मान वर केली नाही.

"चुकलो मी," ते म्हणाले.

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं, आणि ते ऐकायची कोणालाच सवय नव्हती. लोकेश घाईघाईनं म्हणाला, "बाबा, हो जाता है."

"नाही. विचारून घ्याले पाह्यजे होतं. अनुश्री म्हणत होती." दयारामजी थांबले. "शेवंता, असं करू. पाह्यू पुढच्या आठवड्याचं. शनिवार-रविवारचं स्वस्त भेटलं तं... ऑपरेशन तं डॉक्टर करते. तू नंतर बी गेली तं पथ्यपाण्याचंच तं पाह्याचं."

"नंतर नाही!"

शेवंताबाईंचा आवाज एवढा चढला की लहानूच्या हातातली सुपारी खाली पडली.

"मले शुक्रवारच्या आधी पोहोचाचं आहे. नंतर जाऊन काय करू? नंतर थे पोट्टी बोलंन की नाही माहीत नाही!" आणि मग त्यांना थांबता आलंच नाही. गाठ, नस, डॉक्टरांचं बोलणं, सगळं बाहेर आलं. "आवाज जाऊ शकते तिचा. तुम्हाले नको सांगू म्हणाली होती. पाच वर्षं तुम्ही तिचा आवाज ऐकला नाही, तुम्हाले काय फरक पडते! पण मले ऐकाचा आहे. मले एक दिवस पाह्यजे, बस."

दयारामजींचं तोंड उघडं राहिलं होतं. मग ते उठले. आत गेले. लोकेशला वाटलं, आता खोलीचं दार बंद होणार आणि बाप दोन दिवस बाहेर येणार नाही. पण ते डायरी घेऊन परत आले, खुर्ची ओढून अनुश्रीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "विमान कोलकात्याहून किती वाजता?"

"मंगळवारी सकाळी अकराला."

"म्हणजे सोमवारच्या रात्री हावड्यात मुक्काम पाह्यजे. मंगळवारच्या सकाळच्या गाडीचा भरवसा नाही, उशीर झाला तं गेलं. रेल्वेचं पान लाव."

"बाबा, देख लिया मैंने," लोकेश म्हणाला, "रायपूर-हावडा सब वेटिंग है. तत्काळ बी संपलं."

"रायपूरहून कोण सांगलं पाह्याले? रायपूरले काय भेटते, झुणका! बिलासपूरहून पाह्य."

"पण आपण तर रायपूरला..." अनुश्री म्हणाली.

"बिलासपूरचा कोटा वेगळा, अन् मोठा. इथून बिलासपूरपर्यंत लोकलनं जाऊ. दोन घंटे. सकाळची साडेसहाची पकडली तं बिलासपूरले अकराच्या आत पोहोचतेच पोहोचते, किती बी रखडली तरी. तिथून पुढं पाह्य. सोमवार. थर्ड एसी."

अनुश्रीची बोटं चालू लागली. पहिल्या गाडीला वेटिंग. दुसरीलाही वेटिंग. दयारामजी पडद्याकडे बघत नव्हते, डोळे मिटून गाड्यांची नावं एकामागून एक सांगत होते, आणि प्रत्येक नावाबरोबर ती कधी सुटते आणि कुठे रखडते हेही सांगत होते. शेवंताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मनगटावरचा दोरा त्यांनी एवढा पिळला होता की बोट लाल झालं होतं.

"अकरा पाचची आहे एक," अनुश्री म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "बाबा, दोन जागा आहेत. दोनच."

"घे! दोन्ही घे!"

"नावं?"

"शेवंता दयाराम रामटेके, त्रेसष्ट. दयाराम लक्ष्मण रामटेके, अडुसष्ट."

लोकेश म्हणाला, "बाबा, मी जातो ना मायसंग. तुमची बीपी..."

"ज्यानं चूक केली थो जाईल. कोलकात्याच्या विमानात हिले माह्या डोळ्यानं बसवतो. टाक नाव."

पैसे भरायचं पान उघडलं. फोनवर आकडे आले, लोकेशनं ते वाचले, अनुश्रीनं टाकले, आणि मग पडद्यावर ते छोटं गोल चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. छत्तीस वर्षांत दयारामजींनी लाखभर माणसांना काचेपलीकडे असं ताटकळत उभं पाहिलं असेल. काचेच्या त्या बाजूला उभं राहायची पाळी त्यांच्यावर आज आली होती. लहानू पुटपुटला, "अरे हो बाप्पा, हो." चाक थांबलं.

"कन्फर्म," अनुश्री म्हणाली. "बी-दोन. तेहतीस आणि छत्तीस."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि सगळे एकदम बोलायला लागले. लोकेशनं आईला चक्क उचललं. "अरे सोड रे, कंबर जाईल माही!" असं त्या ओरडल्या, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. लहानू म्हणाला, "वहिनी, पाटोडी उरली आहे का? टेन्शनमध्ये सगळं पचलं." अनुश्रीनं कपाळ टेबलावर टेकवलं होतं. दयारामजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दोन वेळा थापटलं आणि म्हणाले, "आजपासून या घराचं रिझर्व्हेशन तुह्याकडे." दयारामजींच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळाली नव्हती.

मग जरा वेळ घरात सणासारखं वातावरण होतं. दिल्लीच्या गाडीची तिकिटं लोकेशनं रद्द केली. लहानूनं उभ्यानंच पाटोडी-भात खाल्ला आणि हावड्याच्या रिटायरिंग रूमची चौकशी करायला जुन्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. अनुश्रीनं सासूच्या बॅगेतून बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा डबा बाहेर काढला, शेवंताबाईंनी तो परत आत टाकला, आणि दोघी त्यावरून बहिणी-बहिणींसारख्या भांडल्या. शेवंताबाईंना सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली होती.

चार वाजता दीक्षाचा फोन आला. रोज यायचा त्याच वेळी. तिकडे रात्रीचे साडेनऊ, मुलगा झोपला की ती आईशी बोलायची. फोन टेबलावर वाजत होता, शेवंताबाईंनी तो उचलला, आणि "माय?" असं ऐकू येताच स्पीकर लावून नवऱ्याच्या हातात दिला.

दयारामजींनी फोन निखारा धरावा तसा धरला.

"माय? ऐकू येऊन राहिलं का?"

"मी बोलून राहिलो," ते म्हणाले.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "बाबा?"

"उद्या सकाळी साडेसहाची लोकल," दयारामजींनी सुरू केलं. "बिलासपूरहून अकरा पाच. बी-दोन, तेहतीस अन् छत्तीस. रात्री हावडा. मंगळवारी अकराले कोलकात्याहून विमान, दिल्लीवरून पुढं. बुधवारी सकाळी तुह्याकडे. तिकिटात माही चूक झाली होती. आता बरोबर आहे." ते थांबले. पाठ केलेलं सगळं संपलं होतं. "तुह्या मायनं सांगलं. आवाजाचं."

"मी तिले नको म्हटली होती."

"तरी सांगलं. घाबरू नको."

"नाही घाबरत."

"घाबरू नको म्हणतो ना."

"बाबा, नाही घाबरत म्हणते ना मी!"

लोकेश आणि अनुश्रीनं एकमेकांकडे पाहिलं. दयारामजींची मान ताठ झाली. एवढ्यावर फोन ठेवला असता तर बरं झालं असतं, पण ते रामटेके होते.

"मग परत काहून नाही आली तू?"

"आता विचारता? पाच वर्षांनी?" दीक्षाचा आवाज फोनमधून टणकन आला. "दोन साल मी तिकडच्या कॉलेजांत अर्ज टाकत होती. रायपूर, बिलासपूर, नागपूर. एकानंही बोलावलं नाही. शेवटी इथली नोकरी घेतली. सांगितलं होतं तुम्हाले!"

"मले कोणी नाही सांगलं."

"मायले सांगितलं होतं. तीन वेळा. बाबाले सांग म्हटलं होतं!"

दयारामजींनी हळूहळू मान वळवली. लोकेशनं वळवली, अनुश्रीनं वळवली, तोंडात घास असलेल्या लहानूनंही वळवली. शेवंताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"शेवंता?"

"सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही वस्तीत सगळ्यांले सांगून बसले होते, पोट्टी येऊन कॉलेजात शिकवणार म्हणून. तिले कोणी घेत नाही, हे तुम्हाले कसं सांगू? तुमचं तोंड पडलं असतं. वाटलं, रागावलेले बरे, खचलेले नको. मग रोज वाटे, उद्या सांगतो. अन् असे दिवस गेले."

"पाच वर्षं?" दयारामजी म्हणाले.

"पाच वर्षं, माय?" फोनमधून दीक्षा म्हणाली.

"मी तिले काय काय बोललो!"

"अन् मले वाटलं बाबाले माहीत आहे, तरी बोलले!"

"असं कोणी करते का, शेवंता?"

"बाबा, विचारा तिले, अजून काय काय नाही सांगितलं!"

पाच वर्षांत एकमेकांशी चकार शब्द न बोललेले बाप-लेक दोन मिनिटांत एका बाजूला झाले होते आणि दोघं मिळून शेवंताबाईंवर तुटून पडले होते. एक वाक्य बापाचं, दुसरं लेकीचं. लोकेश मधे पडायला गेला तर दोघांनीही त्याला गप्प बसवलं. चूक होतीच, मोठी होती, आणि शेवंताबाईंना तिची लाज वाटत होती. पण त्याहून कितीतरी मोठी अशी काहीतरी मोकळीक छातीत पसरत होती, आणि ती लपवायला त्यांना जमत नव्हतं.

"माय, तू हसून राहिली का?" दीक्षा तिकडून ओरडली. तिचा आवाज सगळ्या घरात घुमला, मागच्या अंगणापर्यंत गेला. "मी इथं इतकी रागावली अन् तू हसून राहिली? बोल ना! ऐकून राहिली का मी काय म्हणते थे?"

"ऐकून राहिली बाई," शेवंताबाई म्हणाल्या आणि फोनच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. "ओरड. अजून जोरानं ओरड."